वाचनालयाच्या सर्व्हरवरचा ४०३

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. तिथे जुन्या दिवाळी अंकांचा आणि स्थानिक साप्ताहिकांच्या बांधीव खंडांचा मोठा साठा आहे. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणून तीन वर्षांपासून तिथल्या एक ताई रोज थोडे थोडे अंक स्कॅन करतात, आणि वाचनकक्षातल्या चार संगणकांवर ते ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतात. सर्व्हर वाचनालयाच्याच कपाटाशेजारी ठेवलेला साधा डेस्कटॉप, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि अपाची हा वेब सर्व्हर. सगळं इमारतीतल्या लॅनपुरतं.

जुन्या मशीनवर ही मांडणी मीच करून दिली होती. स्कॅन केलेले अंक ‘ग्रंथालय’ या खात्याच्या होम फोल्डरमध्ये ‘अंक’ नावाने पडायचे. अपाचीच्या मुख्य फोल्डरात, म्हणजे /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल इथे, त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी एक सिंबॉलिक लिंक केली होती. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढच्या साऱ्या प्रकरणाचं मूळ त्यातच होतं. (आज्ञा आणि फोल्डरांची नावं इथे आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाकायची.)

अडचण

जुन्या मशीनची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून समितीने नवीन मशीन घेतलं. गावातलाच कॉलेजात शिकणारा एक मुलगा वाचनालयाला मदत करतो. त्याने त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं, अपाची बसवलं, ‘ग्रंथालय’ हे खातं त्याच नावाने तयार केलं, सगळा डेटा आणला आणि लिंकही जशीच्या तशी केली. मुखपृष्ठ उघडलं. ‘जुने अंक’वर क्लिक केलं की मात्र ‘४०३ फॉरबिडन’, म्हणजे प्रवेश नाकारला.

जुन्या मशीनवर २०.०४ होतं. फोल्डर तेच, लिंक तीच, अपाचीही तेच. बदललं होतं ते एवढंच: उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्याचं होम फोल्डर ७५५ ऐवजी ७५० परवानगीने तयार होतं. आधी मशीनवरच्या कोणत्याही खात्याला दुसऱ्याच्या होममध्ये डोकावता यायचं. तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि बाकीचे यांचे: आता मालकाला सगळं, गटाला वाचन आणि प्रवेश, बाकीच्यांना काहीही नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. पण उबुंटूवर अपाची चालतं ते ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्याने, आणि ‘ग्रंथालय’च्या घरासाठी ते खातं ‘बाकीच्यां’पैकीच. माझी जुनी मांडणी इतकी वर्षं चालली ती घराचा दरवाजा सताड उघडा होता म्हणून.

पहिल्या संध्याकाळी काय काय झालं

त्या मुलाने नंतर सगळं नीट सांगितलं आणि टर्मिनलचा इतिहासही उघडून दाखवला. त्याबद्दल त्याचं कौतुक वाटतं. अशा वेळी पुष्कळ लोक इतिहास पुसून टाकतात.

त्याने एरर लॉग पाहिला, ही पहिली पायरी अगदी बरोबर होती. तिथे एएच०००३७ या क्रमांकाची ओळ होती. तिचा अर्थ असा: सिंबॉलिक लिंकला परवानगी नाही, किंवा लिंक जिथे नेते ते ठिकाण गाठता येत नाही. वाक्याला दोन भाग आहेत आणि मध्ये ‘किंवा’ आहे. त्याने पहिला भाग वाचला. लिंकला परवानगी नाही म्हणतोय म्हणजे ‘फॉलोसिमलिंक्स’, लिंकमागे जाऊ देणारा पर्याय, बंद असणार, असं धरून तो कॉन्फिगरेशनमध्ये शिरला. उबुंटूवर /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू साठी तो पर्याय मुळातच चालू असतो. त्यामुळे काहीच फरक पडला नाही.

मग त्याने लिंक काढून टाकली आणि अपाचीमध्ये थेट ‘अलियास’ लिहून होममधला फोल्डर जोडला. पुन्हा ४०३. या वेळी लॉगमध्ये एएच०००३५ होतं: वाटेतल्या कुठल्यातरी एका टप्प्यावर शोधण्याची परवानगी नाही. त्याला हाही नकार कॉन्फिगरेशनचाच वाटला. अपाची मुळापासून सगळ्या फोल्डरांना मनाई करतं आणि ठरावीक फोल्डरांनाच मोकळीक देतं. होम त्या यादीत नसतं. त्याने ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहून ती मोकळीक दिली. ती पुढे लागणारच होती, पण तिसऱ्यांदाही ४०३, आणि लॉगमध्ये तीच एएच०००३५ ची ओळ.

ही ओळ उत्तर हातात ठेवत होती. पण ब्राउझरमध्ये तिन्ही वेळा तोच आकडा, तेच पांढरं पान. दीड तास झाला होता आणि त्याला वाटलं, आपण एक इंचही पुढे सरकलो नाही. खरं तर कॉन्फिगरेशनचं दार त्याने उघडलं होतं, अडवत होतं ते फक्त घराचं दार.

मग ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. आधी फक्त ‘अंक’ फोल्डरला. तरीही ४०३. या प्रकरणातला सगळ्यात बोलका क्षण मला हाच वाटतो. ज्या फोल्डरात जाता येत नाही त्याचे सगळे दरवाजे, खिडक्या उघडल्या आणि तरीही आत जाता येत नाही, याचा अर्थ अडवणारा त्या फोल्डरात नाहीच, तो त्याच्या अलीकडे कुठेतरी आहे. इथे थांबून एक पायरी मागे पाहिलं असतं तर काम पाच मिनिटांत संपलं असतं. पण वेळ रात्री साडेआठची, दुसऱ्या दिवशी समितीची बैठक, आणि ग्रंथपाल मॅडम शेजारी उभ्या. त्याने ‘सीएचमॉड -आर ७७७’ अख्ख्या होम फोल्डरवर, आतल्या सगळ्यासकट, चालवलं. साइट उघडली. मॅडमनी चहा मागवला.

नऊ रात्री

वाचनालयाच्या दुसऱ्या खोलीत एक जुना संगणक आहे. रोज रात्री तो एसएसएचने (दुसऱ्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची सोय) सर्व्हरमध्ये शिरतो आणि आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने ‘ग्रंथालय’च्या होममधल्या नव्या फाइली ओढून घेतो. किल्लीवर चालणारी व्यवस्था, पासवर्डची गरज नाही. मुलाने नव्या मशीनवरही किल्ली बसवून एकदा चालवून पाहिली होती, आणि ७७७ च्या आधी ती चाललीही होती.

एसएसएच सर्व्हर किल्ली मान्य करण्याआधी एक गोष्ट तपासतो: ज्या खात्यात शिरायचंय त्याचं होम, त्यातला ‘.एसएसएच’ फोल्डर आणि किल्ल्यांची फाइल यांत मालकाशिवाय कोणाला लिहिता येतं का? येत असेल तर तो किल्ली नाकारतो, कारण तसं असेल तर कोणीही येऊन स्वतःची किल्ली त्या यादीत घालू शकतो. ७७७ ने या तिन्हींवर सगळ्यांना लिहिण्याचा हक्क दिला होता. त्याच रात्रीपासून बॅकअप बंद पडला. क्रॉनमधून ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, कोणी पाहत नव्हतं, निरोप कुठेच जात नव्हता.

नवव्या दिवशी ताईंनी चुकून एका अंकाचं स्कॅन पुसलं आणि बॅकअपमधून परत हवं म्हणून मॅडमनी मला फोन केला. जुन्या संगणकावर शेवटची फाइल नऊ दिवसांपूर्वीची होती. तो अंक पुन्हा स्कॅन करता आला, नुकसान झालं नाही. पण त्याच नऊ दिवसांत नव्या मशीनची डिस्क गेली असती तर तेवढ्या दिवसांचं काम गेलं असतं, आणि त्यातली काही पानं दुसऱ्यांदा उलटण्यासारखी राहिलेली नव्हती.

शनिवारी दुपारी

वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं. तीच वेळ ठरवली. साइट काही वेळ मुद्दाम मोडावी लागणार हे मॅडमना आधी सांगितलं.

क्रम काय ठेवायचा, यावर मुलाचं आणि माझं थोडं वेगळं मत होतं. त्याला आधी साइटची मांडणी नीट करायची होती. मी म्हटलं, आधी बॅकअप. सर्व्हरच्या ऑथ लॉगमध्ये ओळ स्पष्ट होती: होम फोल्डरची मालकी किंवा मोड योग्य नाही, म्हणून प्रवेश नाकारला. होम परत ७५०, ‘.एसएसएच’ ७०० आणि किल्ल्यांची फाइल ६०० केली. नऊ दिवसांपूर्वीच्या प्रतीला धक्का लागू नये म्हणून बॅकअप वेगळ्या फोल्डरात हाताने चालवला आणि तो पूर्ण होईपर्यंत दुसरं काहीही केलं नाही. वीस मिनिटं गेली. ती वाया गेली असं मला वाटत नाही.

होम ७५० झाल्याबरोबर अपेक्षेप्रमाणे साइट बंद पडली. मग ‘नेमआय -एल’ ही आज्ञा त्या मुलाला दाखवली. दिलेल्या मार्गातला प्रत्येक टप्पा ती एकेका ओळीत मांडते, त्याच्या मालक, गट आणि परवानगीसकट. पडद्यावर चार ओळी आल्या. मुळाचा फोल्डर: मालक रूट, सगळ्यांना प्रवेश. ‘होम’: तसाच. ‘ग्रंथालय’: मालक ग्रंथालय, गट ग्रंथालय, इतरांच्या जागी तीन आडव्या रेघा. ‘अंक’: सगळ्यांना सगळं. त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि काहीच बोलला नाही.

फोल्डरच्या बाबतीत ‘एक्स’ या परवानगीचा अर्थ चालवणं असा नसून त्यातून पुढे जाता येणं असा आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांनी पाठ केलेलं असतं, ते खरोखर कळतं अशा चार ओळी समोर आल्यावर. मग ‘सुडो -यू’ (दुसऱ्या खात्याच्या नावाने आज्ञा चालवणं) वापरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्याच नावाने एक पीडीएफ उघडून पाहिली. नकार. ब्राउझर नाही, कॅशे नाही, अपाचीसुद्धा नाही. फक्त ते खातं आणि ती फाइल.

कोणते मार्ग होते

सगळ्यात छोटा मार्ग: होमला ७५१ करायचं. बाहेरच्यांना यादी दिसणार नाही, पण नाव माहीत असेल तर पुढे जाता येईल. एका आज्ञेचं काम. पण ‘ग्रंथालय’च्या घरात वर्गणीदारांची यादी होती, समितीची पत्रं होती. त्या फाइलींवर ७७७ ची छाप अजून तशीच होती, त्यामुळे नाव ओळखलं की कोणीही वाचू शकला असता.

दुसरा: एसीएल (एकेका खात्याला वेगळा हक्क देण्याची सोय) लावून फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला त्या दारातून जाऊ द्यायचं. नेमकेपणात याला तोड नाही, आणि एकट्याच्या मशीनवर मी हेच केलं असतं. अडचण अशी की यादीत तो हक्क दिसतो फक्त शेवटच्या एका छोट्या अधिक चिन्हाने. शिवाय आरसिंकला ‘-ए’ सोबत कॅपिटल ए चा पर्याय वेगळा दिला नाही तर एसीएल बॅकअपमध्ये जातच नाही. दोन वर्षांनी पुन्हा मशीन बदललं की हेच प्रकरण पुन्हा.

तिसरा: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला ‘ग्रंथालय’ गटात घालायचं. मुलाने हाच सुचवला होता. पण त्याने वेब सर्व्हरला अंकच नव्हे, त्या गटाला दिसणारं सगळं घर दिसलं असतं. (‘यूजरमॉड’मध्ये कॅपिटल जी सोबत छोटा ए विसरू नका. तो राहिला तर खातं आपल्या बाकीच्या जोड-गटांतून बाहेर पडतं. स्वतःच्या खात्याला असं झालं की सुडोचा हक्कही जातो.)

आम्ही निवडला चौथा: अंक होममधून बाहेरच काढायचे आणि /एसआरव्ही मध्ये ठेवायचे. मशीन जो डेटा इतरांना पुरवतं त्यासाठी लिनक्सच्या फोल्डर-रचनेत हीच जागा नेमलेली आहे. उबुंटूच्या अपाची कॉन्फिगरेशनमध्ये तिच्यासाठीचा तुकडा आधीच लिहिलेला, फक्त बंद करून ठेवलेला असतो. तो उघडला की झालं. वेळ सगळ्यात जास्त याच मार्गाला लागणार होता. पण त्यात कोणाच्या घरातून वाट काढायची नव्हती, आणि नंतर येणाऱ्या माणसाला नुसत्या यादीवरून सगळं कळणार होतं.

काय केलं

‘संग्रह’ नावाचा गट केला आणि त्यात मॅडम, ताई आणि ‘ग्रंथालय’ ही तीन खाती घातली. अंक नव्या जागी हलवून सगळ्या फोल्डरांना २७७५ आणि सगळ्या फाइलींना ६६४ दिलं. ‘फाइंड’ वापरून फोल्डर वेगळे, फाइली वेगळ्या. ७७७ ने प्रत्येक पीडीएफ ‘चालवण्याजोगी’ करून ठेवली होती, तीही त्यातून सुधारली. २७७५ मधला पहिला आकडा सेटजीआयडीचा: त्या फोल्डरात जे नवीन तयार होईल त्याचा गट आपोआप ‘संग्रह’ राहील. दोघींच्या खात्यांचा यूमास्क (नव्या फाइलीची परवानगी ठरवणारा आकडा) ००२ आहे ना, तेही पाहिलं. वेब सर्व्हर ‘इतरां’मध्येच राहिला. वाचेल, लिहिणार नाही.

होममधल्या बाकीच्या फाइलींच्या मूळ परवानग्या मात्र सीएचमॉडने कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. ही आज्ञा मागे घेता येत नाही. नऊ दिवसांपूर्वीच्या बॅकअपमध्ये त्या जपलेल्या होत्या, म्हणून तिथे पाहून त्या परत लावल्या.

मग एक गोष्ट अडली जी माझ्या लक्षात आली नव्हती. वाचनकक्षातून ‘हा अंक प्रत्यक्ष पाहायचा आहे’ अशी नोंद करता येते. ती एसक्यूलाइटच्या छोट्या डेटाबेसमध्ये जाते, आणि तो डेटाबेस ‘अंक’ फोल्डरातच होता. वाचणं सुरू झालं, नोंद होईना. एसक्यूलाइटला लिहिताना फाइलशेजारी तात्पुरती जर्नल फाइल बनवावी लागते, म्हणजे फाइलवर हक्क असून भागत नाही, फोल्डरवरही लागतो. मुलगा म्हणाला, “काका, मग या फोल्डरला सर्व्हरला लिहू देऊया?” प्रश्न अगदी रास्त होता. पण एका नोंदवहीसाठी तीन वर्षांचे स्कॅन सर्व्हरच्या हातात द्यायचे नव्हते. डेटाबेस वेगळ्या फोल्डरात नेला: मालक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, गट संग्रह, ७५०. गट तोच ठेवला म्हणून बॅकअपलाही तो वाचता येतो.

निघता निघता मॅडमनी विचारलं, “सर, आता रात्रीचं ते कॉपी करणं नव्या ठिकाणाहून होईल ना?” होणार नव्हतं. बॅकअपची आज्ञा अजून होम फोल्डरच ओढत होती. आम्ही तसेच निघालो असतो तर बॅकअप रोज यशस्वी झाला असता, फक्त त्यात अंक नसते. मार्ग बदलला, पुन्हा हाताने चालवला. आणि काम फसलं तर जुन्या संगणकाच्या पडद्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या अक्षरात निरोप येईल असं केलं.

शेवटी दोन चाचण्या. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने एक अंक उघडला: उघडला. त्याच नावाने ‘अंक’मध्ये रिकामी फाइल तयार करून पाहिली: नकार. दुसरी चाचणी सहसा कोणी करत नाही. मला ती पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते.

तीन आठवड्यांनी

ताईंनी टाकलेली एक सूची मॅडमना दुरुस्त करायची होती. लिबरऑफिस ती ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून उघडत होतं. बाकीच्या बऱ्याच सूच्या दुरुस्त होत होत्या. मी ताईंना त्या फाइल कशा टाकतात ते करून दाखवायला सांगितलं. स्वतःच्या होममधून कट, ‘अंक’मध्ये पेस्ट. एकाच डिस्कवर कट-पेस्ट केलं की फाइल नव्याने तयार होत नाही, फक्त तिची जागा बदलते. जुना मालक, जुना गट, जुनी परवानगी सगळं तसंच येतं. सेटजीआयडी लागू होतो तो नव्याने तयार होणाऱ्या फाइलीला. कॉपी-पेस्ट केलेल्या सूच्या म्हणूनच बरोबर होत्या.

ताईंना “कट नका करू, कॉपी करा” असं सांगता आलं असतं. पण दिवसाला पन्नास पानं स्कॅन करणाऱ्या बाईंच्या हाताची सवय बदलायला सांगणं मला पटेना. स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममध्ये आणि सूचीच्या फाइलीत साठवण्याची जागाच थेट /एसआरव्ही मधली करून दिली. हलवण्याचा प्रश्नच उरला नाही. आधीच्या फाइलींचा गट एकदा बदलून टाकला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी, आणि ती तीन वर्षं जुनी. वेब सर्व्हरला कोणाच्या घरातून वाट काढून द्यायलाच नको होती. चालतंय म्हणून ठेवलं, आणि ते कशामुळे चालतंय हे कुठेही लिहून ठेवलं नाही. मुलाने जे हुबेहूब उतरवलं ते माझंच होतं.

त्या संध्याकाळी ‘अंक’ला ७७७ देऊनही काही झालं नाही, तिथे थांबायला हवं होतं. आणि -आर लावण्याआधी ‘गेटफॅकल -आर’चं उत्तर एका फाइलीत साठवलं असतं, तर ‘सेटफॅकल --रिस्टोर’ने सगळ्या परवानग्या होत्या तशा परत आल्या असत्या. दहा सेकंदांचं काम. आता तो मुलगा ते न चुकता करतो.

एका बाबतीत माझं मत अजून पक्कं नाही. मशीन फक्त लॅनवर, वाचणारे ओळखीचे, मग एवढी काटेकोर मांडणी हवी होती का, ७५१ वर भागलं नसतं का, असं समितीतल्या एकांनी विचारलं. सुरक्षेपुरतं बोलायचं तर कदाचित भागलं असतं. पण वर्गणीदारांचे पत्ते ज्या घरात आहेत त्या घरातून सार्वजनिक वाट नको, एवढं मला पटलेलं होतं.

सध्या

कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे: कोणता फोल्डर, कोणाचा, कोणता गट, कोणता आकडा, आणि लॉग कुठे पाहायचा. मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. एक अंक उघडत नव्हता, बाकीचे उघडत होते. त्यांनी लॉगमधली ओळ अक्षर अक्षर वाचून दाखवली, एएच००१३२: फाइलच्या परवानग्या सर्व्हरला वाचू देत नाहीत. ती फाइल एका वाचकाने पाठवलेली होती, बाहेरून आणून कट-पेस्ट केलेली, आणि तिच्यावर ६०० होतं. मी लॅपटॉप उघडायला उठलो तर त्या म्हणाल्या, “उघडली आता. ६६४ केलं आणि गटही संग्रह केला. कागदावर तसंच आहे, बरोबर ना?”